विहिरीतला सासरा

"रविवारी विहीर बुजवून टाकतोय," नामदेवराव जिन्यात म्हणाले. माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या, त्यातली एक गळत होती आणि माझं सगळं लक्ष साडीवर ओघळणाऱ्या दुधाकडे होतं. म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. नामदेवराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बीडकडचे, बोलायला सरळ. "बारक्या पोरांचं टेन्शन आहे वहिनी. परवा तळमजल्यावरचा पोरगा कठड्यावर चढून बसला होता. त्यात डास. दोन ट्रक भराव टाकला की विषय संपला." आणि मग, जिना उतरता उतरता, जरा थांबून, "आमच्या गावाला विहिरी होत्या आणि पाणी नव्हतं. इथं पाणी असलेली विहीर बुजवायच्या कागदावर माझीच सही. काय बोलायचं?" मी पुन्हा "बरं" म्हटलं, वर आले, पातेलं गॅसवर ठेवलं, आणि दूध कोमट झालं तेव्हा कुठे ते वाक्य माझ्या आत पोचलं. माझं नेहमी असंच होतं. सुखाचं असो की दुःखाचं, मला उशिरा कळतं. कान्हा, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तुझ्यापर्यंत बातमी बैलगाडीने येते.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. खिडकी ही त्यांची जागा. नवीन पनवेलमध्ये इमारती उठायला लागल्या आणि कान्हाने कंपनीतून कर्ज काढून फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा चांगुणाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकच अट घातली होती, की घर आपल्या हिरीच्या दारात पाहिजे. आपल्या हिरीच्या, म्हणजे जी जमीन सरकारने संपादन केली, जिच्यावर आता चार इमारती आणि एक पिठाची गिरणी उभी आहे, त्या जमिनीतल्या आमच्या विहिरीच्या. सगळे हसले होते. पण शेवटी आम्ही आमच्याच भाताच्या खाचरावर दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, आणि सासूबाई खिडकीतून खाली बघत बसू लागल्या. मी त्यांच्याजवळ गेले आणि नामदेवराव काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग अगदी साध्या आवाजात, भाजी कोणती आणलीस असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग तुजा सासरा कुटं जाईल?"

परक्या माणसाने हे ऐकलं तर तो म्हणेल, म्हातारीला चळ लागला. माझे सासरे गोटीराम जाऊन बारा वर्षं होत आली. पण त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक मासा त्या विहिरीत होता, आणि सासूबाई रोज सकाळी शिळी भाकरी पदरात घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसत आणि त्याच्याशी बोलत. सोसायटीत कोणाला वाटे म्हातारी देवाचं काहीतरी करते. मी मॅट्रिक झालेली बाई, बालवाडीत मुलांना गाणी शिकवते. मासा म्हणजे मासा, हे मला कळतं. पण दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी तिथेच उभी होते, आणि माझ्या तळपायांना एकाएकी गार, गुळगुळीत दगड लागल्यासारखं झालं. आंबेकोंडच्या कोंडीतला दगड. किती वर्षांत मी त्या पाण्यात पाय घातला नव्हता.

आंबेकोंड हे माझं सासर. पनवेलच्या मागे डोंगर सुरू होतात तिथे ओढ्याकाठचं लहान गाव. ओढ्यात एके ठिकाणी खडकामध्ये खोल डोह आहे, त्याला आमच्याकडे कोंड म्हणतात, आणि त्यावरूनच गावाचं नाव. मी आले उरणकडून, खाडीच्या काठची. आमच्याकडे मासा म्हणजे जाळ्यातला किंवा पाटीतला. माशाला कोणी हाक मारताना मी पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला कोंडीवर घेऊन गेल्या, पाण्यात भाताची मूठ टाकली, आणि खालून सोनेरी-काळपट खवल्यांचे, हातभर लांब मासे वर यायला लागले तेव्हा म्हणाल्या, "पाया पड. ही माजी आजेसासू." शेपूट फाटलेला एक मासा माझ्याकडे बघत होता. "आन यो मोठा दीर. एका डोल्यानं कमी दिसतं त्याला, जिवंत होता तवापासून." मला असं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंना वाटलं नवी सून लाजली. त्या माझ्यावर खूश झाल्या ते तेव्हापासून, आणि मीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

गावाची रीत अशी होती. माणूस गेलं की दहाव्याला त्याच्या नावाचा भात कोंडीत सोडायचा. जो मासा पहिल्यांदा तो भात तोंडात घेईल तो त्या घरचा. मग त्याची खूण बघून ठेवायची, कुठे खवला गेलेला, कुठे पर दुमडलेला, आणि सणावाराला त्याला हाक मारायची. त्या कोंडीत कोणी गळ टाकत नव्हतं. ओढ्याला इतरत्र मनसोक्त मासे धरायचे, पण कोंडीत नाही, कारण स्वतःच्या आजोबाचं कालवण कोण करील? आणि आणखी एक, त्या माशांना मोजायचं नाही. मोजलं की कमी होतं. आमच्याकडे खळ्यावरची रास मोजताना दाराला पडदा लावत, तर पितरांना कोण मोजणार! माझे सासरे भातलावणीच्या दिवसांत तापाने गेले. त्यांचा भात एका तरण्या, चपळ माशाने घेतला, घेतला आणि लगेच खाली गेला. सासूबाई म्हणाल्या, "आजून घाईच हाय त्यांना." सासरे तसेच होते. घरात आले की जेवायचे, जेवले की बाहेर. सासूबाईंचं बोलणं त्यांनी कधी पुरतं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. वाक्याच्या मध्येच त्यांची वहाण वाजायची. आणि आता, मेल्यावर, ते कोंडीत होते, त्यांना वहाणा नव्हत्या आणि जायला जागा नव्हती. सासूबाई कोंडीवर जाऊन बसायला लागल्या. पहिल्या पहिल्यांदा भांडायच्या. मग सांगायला लागल्या. पाण्याला जाताना मी झाडाआडून ऐकायची. गाईचं, शेजारणीचं, जमिनीला नोटीस आली त्याचं. एकदा माझं. "सुनेला मूल नाय ऱ्हायत. तिला कोन काय बोल्लं तर मना सोसनार नाय. तुमी बगा काय व्हतं का." मी हंडा रिकामाच घेऊन परत आले होते त्या दिवशी.

दिनानाथ आला तो त्याच हिवाळ्यात. मत्स्य खात्यातला नवा पोरगा, चष्मा, खांद्याला जाळं, हातात तागडी. त्याला ओढ्यानाल्यांतल्या खडस माशांची पाहणी करायची होती. खडस हे त्या माशाचं नाव आम्हाला त्याच्याकडूनच कळलं, आमच्याकडे ते नातेवाईकच होते. खडस कमी होतायत, म्हणाला, नद्या अडतायत, सुरुंग लावून मासे मारतायत, आणि तुमच्या कोंडीत आहेत इतके मी कुठेच पाहिले नाहीत, तर मला ते धरून, मोजून, वजन करून परत सोडायचे आहेत. धरून म्हटल्यावर पुरुष उठले, मोजून म्हटल्यावर बायका उठल्या. त्याला पाटलाच्या पडवीत बसवून चहा दिला आणि परत पाठवला. तो आठवड्याने परत आला. पुन्हा चहा. पालथ्या घड्यावर पाणी, असं आम्ही त्याच्याबद्दल म्हणायचो आणि तो बहुधा आमच्याबद्दल. पण तो येत राहिला. त्याला मासे खायला आवडत नसत, हे कळलं तेव्हा गावाला त्याची कीव आली आणि मग माया.

तोड काढली ती सासूबाईंनी. म्हणाल्या, मोजायचं नाय, पण हाक मारायला कुटं बंदी हाय? प्रत्येक घरच्या बाईने कोंडीवर यायचं, आपल्या माशाला हाक मारायची, तो वर आला की दिनानाथच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. ज्यांना घर नाही अशा माशांचे चिंचोके गुरवाच्या बायकोने टाकायचे. डबा कोणी उघडायचा नाही. दिनानाथने तो मुंबईला न्यावा, खाडीपलीकडे, आणि तिथे काय ते मोजावं. "खाडीपलीकडं मोजलेलं हितं ऐकू येत नाय," असा सासूबाईंनी निकाल दिला आणि तो सगळ्यांना पटला, दिनानाथलाही. मग पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा ती हाक मारायची सकाळ व्हायची. बायका नव्या लुगड्यांत, पाण्यावर सोनेरी पाठी, डब्यात चिंचोक्याचा टक् आवाज. मी डबा धरून दिनानाथच्या बाजूला उभी राहायची, कारण मला लिहितावाचता येत होतं, तसं लिहायचं काहीच नसलं तरी. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत. मासे पायाला तोंड लावून जायचे, ओठ लावल्यासारखे. मी आता चाळिशीकडे झुकले आहे आणि माझ्या आयुष्यात फार काही घडलं नाही, पण कोणी विचारलं की तू कधी सुखात होतीस, तर मला ती सकाळ आठवते. तेव्हा मला ती साधी वाटली होती. सुखाची बातमीही बैलगाडीनेच आली.

नंतरचं आठवू नये असं वाटतं आणि तेच जास्त आठवतं. वरच्या डोंगराला खाण लागली. खाली शहर व्हायचं होतं, त्याला दगड पाहिजे होता. ओढा मातीने भरला, एका उन्हाळ्यात कोंड इतकी आटली की माशांच्या पाठी उघड्या पडल्या. दिनानाथ सायकलवरून आला, पण धावत आल्यासारखा. मासे हलवू, म्हणाला, देवळाच्या तळ्यात, पाऊस पडेपर्यंत, उद्याच, सकाळी लवकर. मी टाक्या मागवतो. गावाने विचारलं, कसल्या टाक्या? तर तेलाची धुतलेली पिंपं. गाव म्हणालं, आमची माणसं घासलेटच्या पिंपात जाणार नाहीत. आम्ही आमच्या भांड्यांतून नेऊ. त्याला वाटलं भांड्यांतून तर भांड्यांतून, पाणी असलं की झालं. आणि त्या दिवशी आंबेकोंडच्या प्रत्येक दारात बायका तांब्याचे हंडे घासायला बसल्या. चिंच लावून, राख लावून, पुन्हा चिंच लावून. पितरं आयुष्यात एकदाच जागा बदलणार होती, त्यांना काळवंडलेल्या हंड्यातून कोण नेईल? मीही माझ्या शेजारणीचा घासू लागले, तोंड दिसेल असा. आमच्या घरचा हंडा उरणला माहेरच्या लग्नात गेला होता, तो आलाच नव्हता. सासूबाई त्यावरून माझ्यावर चिडल्या होत्या. आमच्याकडे राहिला तो मातीचा डेरा, काळा, ओठाला फुटलेला.

सकाळी मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मागे बायका डोक्यावर झगझगीत हंडे घेऊन, एकेका हंड्यात एकेक मासा. सासूबाई सगळ्यांच्या मागे, लाजेने, कारण त्यांच्या डोक्यावर मडकं. तळं फार लांब नाही, पण देवाचं काम म्हणून वाटेत ठिकठिकाणी थांबून हळदकुंकू. तळ्यावर पोचून पहिला हंडा पाण्यात ओणवा केला तर मासा बाहेर आला आणि तसाच आडवा तरंगत राहिला. मग दुसरा. मग सगळेच. कोणी रडलं नाही. काही क्षण कोणाला ते काय आहे हेच कळत नव्हतं. दिनानाथने एका हंड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. चिंचेने घासलेलं कोरं तांबं पाण्यात उतरतं, आणि ते माशाच्या कल्ल्यांना विष असतं. हे त्याने नंतर समजावून सांगितलं, फार हळू आवाजात, जणू ऐकणाऱ्याच्या घरी मयत आहे. होतंच ते. आपापल्या माणसांना आम्ही दुसऱ्यांदा मारलं होतं, आणि तेही लखलखीत करून. सासूबाईंनी हे सगळं मागून पाहिलं. डेऱ्यात हात घातला. आतलं हललं. त्यांनी कोणाला काही न सांगता तोंड फिरवलं आणि उलट्या वाटेने चालू लागल्या, डोंगर उतरून थेट आमच्या खालच्या शेतातल्या विहिरीपर्यंत. मी त्यांच्यामागे. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "येवड्यांदा तरी थांबले." त्यानंतर आंबेकोंडला कोणी कोंडीवर भात सोडला नाही. घ्यायला कोणी नव्हतं.

भानावर येऊन मी गॅस पुन्हा पेटवला. ओटा पुसला. खाली औषधांच्या दुकानात जाऊन दिनानाथच्या ऑफिसला फोन लावला. इतक्या वर्षांत दिवाळीला एक कार्ड येण्यापलीकडे त्याचा संबंध उरला नव्हता. "वहिनी," तो म्हणाला, "तो जिवंत आहे अजून?" मी हो म्हटलं. "शनिवारी सकाळी येतो," तो म्हणाला. संध्याकाळी कान्हा आला तेव्हा घरात खल सुरू झाला. कान्हा म्हणाला नदीत सोडू. गाढी नदीत आता कारखान्यांचं काय काय येतं ते त्यालाच जास्त माहीत. खात्याच्या काचेच्या टाकीत? सासूबाई म्हणाल्या, "तुरुंगात नाय." मग वर, डोंगराच्या आत, दुसऱ्या गावाच्या कोंडीत?  त्यावर त्या म्हणाल्या, "जिची कोंड तिचं मानूस. तितल्या कोनी भात टाकला न त्यानं घेतला, तर तुजा सासरा त्यांचा झाला. मंग मी कोनाची?" कान्हाला हे हास्यास्पद वाटलं असणार, पण तो हसला नाही. मला त्याचं बरं वाटलं. मला वाईट वाटत होतं, खरोखर वाईट, आणि ते माशासाठी नव्हतं.

शनिवारी सकाळी दिनानाथ आला. केस गेलेले, चष्मा जाड झालेला, खात्याची जीप. सासूबाई त्याला म्हणाल्या, "म्हातारा झालास रं," आणि तो म्हणाला, "तुम्ही नाही झालात मावशी." मग आम्ही विहिरीच्या पायऱ्या उतरलो. वरून नामदेवराव आणि सोसायटीतली दोनचार माणसं वाकून बघत होती. श्रावण सरत आला होता, विहीर बरीच वर आली होती. सासूबाई नेहमीच्या पायरीवर बसल्या, भाकरी कुस्करली, आणि "या" म्हणाल्या. हाक नाही, नुसतं "या". खालच्या हिरव्या अंधारातून तो वर आला. किती वाढला होता! मी खिडकीतून रोज बघायची ती फक्त पाण्यावरची वर्तुळं. त्याच्या पाठीवरचे खवले रुपयाएवढे झाले होते. सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं पाण्याखाली पसरलं होतं, त्यावर तो आला, आणि दिनानाथने आणि मी चारी टोकं उचलली. मासा तडफडला नाही. दिनानाथने त्याला पाण्यातच धरून पोटाखालून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं मासा आजारी आहे.

"मावशी," तो म्हणाला, "ही मादी आहे."

वरची माणसं कुजबुजली. सासूबाईंना ते लगेच कळलं नाही असं मला वाटलं. माझ्यासारखीच त्यांचीही बैलगाडी वाटेत असावी. दिनानाथ घाईघाईने बोलत सुटला, अवघडल्यासारखा. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत, तेव्हा मलाही कळलं नसतं, अंडी धरलीयत हिने, पोट बघा. "दर वर्षी या दिवसांत धरत असेल. पण वाहतं पाणी नाही, नर नाही. मग ती अंडी तिच्या अंगातच जिरून जातात. वरच्या ठाकूरवाडीत मी गेली तीन वर्षं जातोय. तिथल्या लोकांनी त्यांची कोंड मासेमारीला बंद केलीय, माझ्या शब्दावर. खडस आहेत तिथे, थोडे. जे हाती आले ते सगळे नर. मादी दिसत नाही. ही तिथे गेली तर..." आणि तो थांबला.

अंगातच जिरून जातात. मी लुगड्याचं एक टोक धरून उभी होते.  हे वाक्य मला मात्र लगेच पोचलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच मी म्हनते, मेल्यावर यांना येवडं ऐकायला कसं यायला लागलं. बाईच व्हती. मी बाईशीच बोलत व्हते." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या मनात त्या घडीला काय चाललं होतं ते मला कळलं असं मी म्हणणार नाही. एक नवरा पुन्हा गेला होता. पण इतकी वर्षं जिने ऐकून घेतलं ती समोर होती, ओल्या लुगड्यात, तोंड उघडत मिटत. बऱ्याच वेळाने त्या दिनानाथला म्हणाल्या, "उद्या ने. मी येनार."

रविवारी भरावाचे ट्रक यायच्या आधी तिला पुन्हा लुगड्यातून वर काढून आम्ही निघालो. जीपमध्ये मागे खात्याचं मोठं प्लास्टिकचं पिंप, वर ओली गोणपाटं. सासूबाई पिंपाला टेकून बसल्या होत्या, एक हात पाण्यात. पनवेल मागे पडलं, मग नव्या रस्त्यांचे खडीचे ढीग, मग भाताची खाचरं. आंबेकोंडच्या फाट्यावरून जीप सरळ पुढे गेली, तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मला तिथे उतरावंसं वाटत होतं, त्या कोरड्या दगडांवर नुसतं उभं राहावंसं, आणि मग लक्षात आलं की तिथे गेले असते तरी मला पाहिजे होतं ते तिथे नव्हतं. ते माझ्या पोटऱ्यांना आठवत होतं, एवढंच. जीप संपली तिथून पिंप बांबूला बांधून ठाकूरवाडीच्या माणसांनी खांद्यावर घेतलं. त्यांची कोंड झाडीत होती, वरून पाणी पडत होतं, पाणी काळं आणि स्वच्छ. काठावर वाडीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यात एक रखमा म्हणून, सासूबाईंहून थोडी लहान, हातात पानाचा द्रोण, द्रोणात भात. दिनानाथने माझ्या कानात सांगितलं, हिची लेक गेल्या पावसात गेली, पहिल्या बाळंतपणात. यांचीही रीत आपल्यासारखीच आहे.

सासूबाईंनी घरून भात आणला होता, पदराच्या गाठीला. मला ते माहीत होतं, कारण तो मीच शिजवला होता. पिंप पाण्यात आडवं केलं, ती बाहेर आली, आणि काठाजवळच थांबली, नव्या घरात उंबऱ्याशी थांबावं तशी. रखमाने द्रोण उचलला आणि आमच्याकडे पाहिलं. ती आधी टाकत नव्हती. पाहुणीचा मान. सगळ्या बायका सासूबाईंच्या पदराकडे बघत होत्या. सासूबाईंनी गाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "टाक," त्या रखमाला म्हणाल्या. रखमाचा अर्धा भात काठावरच सांडला. उरलेला पाण्यात गेला. मासोळी वळली, वर आली, आणि तिने तो घेतला. रखमा काठावर खाली बसली.  सासूबाई तिच्याजवळ गेल्या, गुडघ्यावर हात ठेवून शेजारी बसल्या आणि बोलायला लागल्या, लेक सासरी देताना विहिणीशी बोलतात तशा. "शिली भाकर आवडते तिला. ताज्या भाताला उगाच तोंड लावते. ढगांचा आवाज झाला की दोन दिस वर येत नाय, घाबरू नको. न तिच्याशी बोलत ऱ्हा. काय पन बोल. ती पुरतं ऐकते."

"नाव काय तिचं?" रखमाने विचारलं.

सासूबाई पाण्याकडे बघत राहिल्या. ती आता काठ सोडून मधल्या खोल पाण्याकडे निघाली होती.

"तुज्या लेकीचं काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"सुंदरा."

"मंग सुंदराच," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी ओला हात पदराला पुसला, उठायला म्हणून माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि जीप कुठे उभी आहे ते विचारलं.